खडखडीची शंभर वर्षं

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री साडेदहाला सम्याचा फोन आला. सम्या म्हणजे माझा कॉलेजातला रूममेट. आम्ही दोघंही मेकॅनिकलचे आणि (अर्थातच) दोघंही आयटीत. फरक एवढाच, की माझं मेकॅनिकल परीक्षेनंतर संपलं आणि त्याचं त्याच्या गाडीच्या रूपाने चालूच राहिलं. दोन वर्षांपूर्वी त्याने सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली आणि सहा महिन्यांपूर्वी ती रीमॅप करून घेतली. म्हणजे काय, तर इंजिन चालवणाऱ्या ईसीयू नावाच्या कॉम्प्युटरातले आकडे बदलून घेतले, टर्बोचा दाब वाढवला आणि वीस-पंचवीस घोडे जास्त मिळवले. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला याहून गोड पाप सापडणं अवघड आहे :)

"अरे, खंबाटकीला ओव्हरटेक मारताना आवाज येतो. डब्यात खिळे टाकून हलवल्यासारखा. उद्या आई-बाबांना घेऊन महाबळेश्वरला जायचंय. ऑक्टेन बूस्टरची बाटली आणलीये, टाकीत ओतली की बंद होतो आवाज. मागच्या वेळी झाला होता."

मी म्हटलं, "बाटली उघडू नकोस. महाबळेश्वर रविवारवर ढकल. मी सकाळी येतो."

आता मी काही गाड्यांतला तज्ज्ञ वगैरे नाही. पण "आवाज बंद होतो" हे तीन शब्द ऐकले आणि मला थॉमस मिजली आठवला. या गृहस्थाची गोष्ट मी पूर्वी कधीतरी वाचली होती, तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही. आज तीच सांगतो. शेवटी सम्याच्या गाडीचं काय झालं तेही सांगतो.

आधी थोडी शाळा. मराठीत लीन म्हणजे नम्र. इंजिनाच्या भाषेत लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. याच्या उलट ते रिच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. नेमकी एवढी हवा असेल तर त्याला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की लॅम्डा एकाच्या वर, पेट्रोल जास्त झालं की एकाच्या खाली. टर्बो इंजिन जोरात दाबलं की ते मुद्दाम ०.८ ते ०.८५ च्या आसपास चालवतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततात. हे जास्तीचं पेट्रोल जळायला नसतं, थंडाव्याला असतं. वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषून घेतं. हा थंडावा कमी पडला, की ठिणगीने लागलेली आग सिलिंडरभर पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप एकदम पेटतं. तीच ती खिळ्यांची खडखड, इंग्रजीत नॉक. थोडा वेळ चालली तर इंजिन सोसतं. जास्त वेळ चालली तर पिस्टनला भोक पडतं.

हे जे मी एका परिच्छेदात सांगून टाकलं, ते कळायला माणसाला बरीच वर्षं लागली.

१९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट संपली. त्याच सुमारास इंजिनं खडखडायला लागल्याची तक्रारही वाढली आणि खापर फुटलं केटरिंगच्याच बॅटरी इग्निशनवर. तो वैतागला. १९१६ मध्ये त्याने आपल्याकडच्या एका तरुण इंजिनिअरला हे प्रकरण सोपवलं. तो हा थॉमस मिजली. कॉर्नेल विद्यापीठातला मेकॅनिकल इंजिनिअर, वय सत्तावीस. पुढे आयुष्यभर रसायनशास्त्र केलं, म्हणजे डिग्री एक आणि काम भलतंच ही परंपरा आपल्यापेक्षा बरीच जुनी आहे.

रॉकेलवर इंजिन पेट्रोलपेक्षा जास्त खडखडतं हे त्यांना माहीत होतं. दोघांनी तर्क लढवला, की रॉकेल लाल रंगवलं तर ते उष्णता जास्त शोषेल, लवकर वाफ होईल आणि खडखड थांबेल. तर्काचा आधार काय, तर एक लाल पानांचं झुडूप बर्फाखालीसुद्धा लवकर फुलतं! तेलात विरघळणारा लाल रंग काही हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडिन टाकलं. खडखड थांबली. मग खरे लाल रंग आणून टाकले, तर काही फरक नाही. म्हणजे सिद्धान्त साफ चुकीचा आणि उपाय बरोबर. ज्यांनी कधी रात्री दोन वाजता कोडमध्ये कुठेतरी एक ओळ घातलीय आणि बग का गेला हे न कळताच झोपायला गेलेत, त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

आयोडिन महाग पडायचं, म्हणून शोध चालू राहिला. ९ डिसेंबर १९२१ रोजी सापडलं टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. पेट्रोलमध्ये हजारात एक भागाहूनही कमी टाकलं तरी इंजिन गप्प. २ फेब्रुवारी १९२३ ला ओहायोतल्या डेटन शहरात ते पहिल्यांदा विकलं गेलं. अल्कोहोल मिसळूनही खडखड थांबते हे मिजलीला ठाऊक होतं, त्याने तशी गाडी चालवूनही दाखवली होती. पण अल्कोहोल बरंच ओतावं लागतं आणि ते कोणीही गाळू शकतो, त्यावर मक्तेदारी कशी मिळणार? शिशावर मिळत होती.

शिसं विषारी आहे हे तेव्हाही लोकांना माहीत होतं. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेने आजारी पडून सुट्टीवर गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट व्हायला लागले. पाच जण दगावले. ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर चोळून आणि त्याची वाफ हुंगून दाखवली, की बघा, काही होत नाही! पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या हे शिसं धुराड्यातून ओकत राहिल्या आणि रस्त्याकडेची पोरं ते श्वासातून आत घेत राहिली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं १ फेब्रुवारी २००० पासून. तेव्हा मी दीड-दोन वर्षांचा असेन. जगातला सगळ्यात शेवटचा पंप बंद झाला २०२१ मध्ये, अल्जीरियात.

आता याच काळात इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो नावाचा एक माणूस याच खडखडीच्या मागे होता. त्याची रीत वेगळी होती. आवाज कसा थांबवायचा यापेक्षा तो येतो कशाने, हे त्याला आधी हवं होतं. केंब्रिजमध्ये असल्यापासून त्याच्या डोक्यात हे घोळत होतं. जळणाऱ्या वायूच्या दाबाने उरलेलं मिश्रण चेपलं जातं आणि आपोआप पेटतं, हे त्याने ओळखलं. १९१९ मध्ये त्याने चालता चालता कॉम्प्रेशन बदलता येईल असं एक प्रयोगाचं इंजिन बांधलं. निरनिराळी इंधनं त्यात घालायची, खडखड लागेपर्यंत कॉम्प्रेशन वाढवायचं आणि आकडा टिपायचा. इंधनाची खडखड सोसायची ताकद मोजायला त्याने टोल्युइन हे माप वापरलं. आज पंपावर आपण जो ऑक्टेन नंबर वाचतो तो थोडा नंतरचा, पण त्याच जातीचा.

(गंमत बघा, १९८८ मध्ये होंडाच्या दीड लिटरच्या फॉर्म्युला वन टर्बो इंजिनात जे इंधन जात होतं, त्यात ८४ टक्के टोल्युइन होतं. रिकार्डोची मोजपट्टीच टाकीत ओतली म्हणायची!)

बरं, टर्बोचं काय? स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने धुराड्यातल्या वायूवर पंखा फिरवून इंजिनात हवा कोंबायची कल्पना १९०५ मध्ये पेटंट केली. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने लिबर्टी विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, ४३०० मीटर उंचीवर नेलं. तिथल्या विरळ हवेत ते इंजिन टर्बोशिवाय सुमारे २३० घोड्यांची ताकद देत होतं, टर्बो लावल्यावर ३५० च्या वर. हवा कोंबली की ताकद वाढते, तसा दाब वाढतो, उष्णता वाढते आणि मिश्रणाची चूक माफ होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पेट्रोलवर १००/१३० असे दोन आकडे असायचे. पहिला लीन मिश्रणावर ते किती सोसतं याचा, दुसरा रिच मिश्रणावर. एकच पेट्रोल, पण जास्त ओतलं तर जास्त दाब सोसतं, हे पिंपावरच लिहिलेलं. मग वैमानिक काय शिकणार? रिच म्हणजे सुरक्षित, लीन म्हणजे इंजिन गेलं. १९४४ च्या उन्हाळ्यात न्यू गिनीमध्ये चार्ल्स लिंडबर्ग (तोच, एकट्याने अटलांटिक ओलांडणारा) पी-३८ या टर्बोवाल्या विमानांच्या तुकडीत कंपनीचा सल्लागार म्हणून आला. मोहिमेवरून परतल्यावर त्याच्या टाकीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल उरायचं. मेकॅनिकांच्या ते लक्षात आलं. त्याने सांगितलं, की संथ उडताना फेरे १६०० वर आणा, दाब थोडा वाढवा आणि मिश्रण लीन करा. पोरं घाबरली, इंजिन जळेल म्हणाली. जळलं नाही, विमानांचा पल्ला मात्र खूप वाढला. कारण कमी ओझ्यावर उष्णता मुळात कमीच असते, तिथे लीन चालतं. मारतं ते भर दाबात झालेलं लीन. लीन वाईट की चांगलं हा प्रश्नच अर्धवट आहे, "किती ओझ्यावर?" हे विचारल्याशिवाय.

हे दोन सिलिंडरच्या पलीकडे कोणाला दिसत नव्हतं, कारण मिश्रण मोजायची सोयच नव्हती. मेकॅनिक स्पार्क प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग बघायचे. तपकिरी म्हणजे ठीक, काळा म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. १९६२ मध्ये ओल्डस्मोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. साडेतीन लिटरचं व्ही-८ आणि कॉम्प्रेशन तब्बल १०.२५. खडखड होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल फवारायची वेगळी टाकी दिली. ती संपली की गाडी आपोआप टर्बोचा दाब कमी करायची. गिऱ्हाइकं ती टाकी भरायचीच नाहीत! १९६३ नंतर गाडी बंद. कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून दिला गेला.

गाडीला स्वतःचे कान फुटले ते १९७८ च्या टर्बो ब्युइकमध्ये. इंजिनावर सेन्सर बसवला, खडखड ऐकू आली की ठिणगी उशिरा टाकायची. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने खडखड ऐकून टर्बोचा दाबच कमी करणारी प्रणाली आणली. डोळे त्याआधी, १९७६ मध्ये आले. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्वोमध्ये बॉशचा लॅम्डा सेन्सर बसला. व्होल्वोवाले इतके खूष, की गाडीच्या जाळीवर नाव लावलं 'लॅम्डा सॉंड'. झिर्कोनियाची एक टोपी, आतल्या बाजूला बाहेरची हवा, बाहेरच्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं. रिच असेल तर ०.९ च्या जवळ, लीन असेल तर ०.१ च्या. हा बिचारा फक्त 'एकाच्या वर की खाली' एवढंच सांगायचा. नेमका आकडा सांगणारा वाईडबँड सेन्सर १९९० च्या दशकात आला.

आणि इथे मिजलीची गोष्ट पूर्ण होते. शिसं या सेन्सरवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर साचून दोघांनाही निकामी करतं. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात शिसं नसलेलं पेट्रोल सक्तीने आलं त्याला हे मोठं कारण. इंजिनाचा आवाज दाबायला जे औषध शोधलं होतं, त्यानेच इंजिनाचे डोळे फुटत होते. ते गेल्यावरच गाडीला स्वतःचं मिश्रण बघता आलं.

तर, शनिवार सकाळ. चहा, सम्या, लॅपटॉप आणि ती न उघडलेली बाटली.

सम्याकडे ब्लूटूथचा ओबीडी डोंगल होता आणि त्याच्या ॲपने खंबाटकीचा सगळा लॉग साठवून ठेवला होता. नशीब. सम्याचा संशय ई-२० पेट्रोलवर होता. संशय अगदीच चुकीचा नाही. वीस टक्के इथेनॉल असलं की १४.७ ऐवजी साधारण १३.५ किलो हवाच पुरते, म्हणजे तेवढंच इंधन टाकलं तर मिश्रण लीन होणार. पण मग ते सगळीकडे लीन व्हायला हवं. लॉगमध्ये आयडलला दुरुस्ती होती अधिक दोन टक्के, संथ चालीला अधिक तीन. म्हणजे ई-२० शी ईसीयूने जुळवून घेतलेलं दिसत होतं. कुठून चोरटी हवा शिरत असती तर आयडललाच सगळ्यात जास्त कळली असती, कारण तेव्हा इंजिनाची स्वतःची हवा थोडी असते. सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरआधी भेग असती तरी तसंच. दोन्ही नावं खोडली.

मग भर दाबातल्या ओळी काढल्या. ईसीयू मागत होतं लॅम्डा ०.८२. चार हजार फेऱ्यांपर्यंत मिळतही होता. तिथून पुढे ०.८६, ०.९०, ०.९५. इंजिन जेव्हा सगळ्यात जास्त पेट्रोल मागत होतं, नेमकं तेव्हाच मिळत नव्हतं. ठिणगी मागे मागे सरकत होती, म्हणजे नॉक सेन्सर बिचारा आपलं काम करत होता. मी म्हटलं, "सम्या, ही पाण्याच्या टाकीची गोष्ट आहे. एक नळ सोडला तर धार येते, चारही सोडले की करंगळी."

गॅरेजवाल्या काकांनी ऐकून घेतलं आणि पेट्रोलच्या लाइनवर प्रेशर गेज लावून काचेला टेपने चिकटवलं. सकाळचा रिकामा रस्ता, तिसरा गिअर, एकदाच आणि थोडकाच दाब. काटा एरवी ४ बारवर, जोर लावला की ३.२ वर. मी तिथेच मोबाइलवर गणित मांडलं. टर्बोचा उलटा दाब १ बार, म्हणजे इंजेक्टरच्या वाट्याला ३ च्या जागी २.२. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे ०.८६ पट. आणि ०.८२ भागिले ०.९५? ०.८६. रिकार्डोला काय वाटत असेल याची थोडीशी चुणूक तेव्हा मिळाली.

टाकीतून पंप बाहेर काढला. खालची जाळी तपकिरी चिखलाने भरलेली आणि पंपही थकलेला. रीमॅपच्या आधी तेवढं पेट्रोल कधी लागलंच नव्हतं, म्हणून हे दुखणं झाकलेलं होतं. मग काकांनी प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या चिनीमातीवर बारीक, चकचकीत ठिपके होते, मिरपूड भुरभुरल्यासारखे.

"हे काय आहे काका?" सम्याने विचारलं.

"पिस्टन आहे बाळा तुझा," काका म्हणाले. "थोडा थोडा सुटायला लागलाय."

सम्या काही बोलला नाही. कॅमेऱ्याची नळी आत घालून बघितलं, पिस्टनची कड जराशी खडबडीत झाली होती, भोक नव्हतं. वाचला. नवा पंप, नवी जाळी, नवे प्लग. पुन्हा लॉग काढला तर ०.८२ मागितला, वरपर्यंत ०.८२ मिळाला आणि खडखड गेली.

ऑक्टेन बूस्टरनेही ती गेलीच असती, एवढं मान्य करायला हवं. पंप तसाच थकत राहिला असता, लॅम्डा तसाच चढत राहिला असता, फक्त आम्हाला ऐकू आलं नसतं. आणि पुढच्या एखाद्या घाटात, मागच्या सीटवर आई-बाबा असताना, बाटलीलाही न ऐकणारी वेळ आली असती. आम्ही ऑफिसात रोज हेच करतो की. वॉर्निंग्ज फार येतात म्हणून लॉग लेव्हल कमी करायची आणि डॅशबोर्ड हिरवा दिसला की घरी जायचं. गेल्या सोमवारी मीही तसा एक अलर्ट म्यूट केला होता. या सोमवारी तो पुन्हा चालू केलाय, आणि तो का येतोय ते अजून शोधतोय.

सम्या रविवारी महाबळेश्वरला जाऊन आला. स्ट्रॉबेरी आणली माझ्यासाठी. ती बाटली मात्र त्याच्या कपाटात तशीच आहे, परत घेत नाहीत म्हणे दुकानवाले. असो.